काउंटीच्या नावावर जमा झालेले अनुदान नेमके कोणाचे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या कोसुथ काउंटीसारख्या विरळ वस्तीच्या भागात सरकारकडून शेतीसाठी कोट्यवधी डॉलर येतात, असे प्रसिद्ध होणाऱ्या याद्यांत दिसते. मग तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला पीएम-किसानसारखी ठरावीक रक्कम मिळते का, एखाद्या वर्षी हा आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी आटतो तो कशामुळे, आणि एकरी रक्कम देण्याची ही पद्धत महाराष्ट्रात आणावी का?

मी आयोवामध्ये शेतकरी कुटुंबांचे हिशेब, खंडाचे करार आणि आयकराची विवरणपत्रे तयार करण्याचे काम करतो. त्यामुळे माझे उत्तर कागदपत्रांच्या बाजूने येणार, हे आधीच सांगतो. ते एका वाक्यात असे : शेतकरी किती अडचणीत आहे हे पाहून हे अनुदान दिले जात नाही, कोणत्या पिकाचे किती एकर कोणाच्या नावे नोंदलेले आहेत हे पाहून दिले जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवली की काउंटीची बेरीज वाचता येते. नाहीतर ती वाचणाऱ्याला हमखास फसवते.

प्रथम कोसुथविषयी. क्षेत्रफळाने ही आयोवाच्या ९९ काउंट्यांतील सर्वांत मोठी काउंटी, सुमारे ९७३ चौरस मैलांची, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन तालुक्यांएवढी. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १४,८२८ भरली; १९४० च्या सुमारास ती २६ हजारांहून अधिक होती. हिमनद्यांनी मागे ठेवलेली काळी, सपाट, मूळची पाणथळ जमीन, जमिनीखाली निचऱ्याचे नळ घालून लागवडीखाली आणलेली. मका आणि सोयाबीन ही दोन पिके, शिवाय डुकरांचे पालन. अल्गोना हे काउंटीचे मुख्य गाव, आणि संघीय कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’चे काउंटी कार्यालयही तिथेच आहे.

या कार्यालयात प्रत्येक शेताला एक ‘फार्म क्रमांक’ असतो आणि त्याखाली तुकड्यांचे ‘ट्रॅक्ट क्रमांक’. आपल्या सातबाऱ्याच्या सर्वांत जवळचा कागद म्हणजे ही नोंद, मात्र ती मालकी सिद्ध करत नाही. कोण कसतो, पिकात कोणाचा किती वाटा आहे आणि जुन्या नोंदींनुसार कोणत्या पिकाचे किती एकर धरायचे, एवढेच ती सांगते. शेतकऱ्याने दरवर्षी १५ जुलैपर्यंत आपला पेरा कार्यालयाला कळवायचा असतो. त्याखेरीज शेतीत आपले भांडवल, श्रम व व्यवस्थापन किती आहे याचे एक निवेदन, उत्पन्नमर्यादेचे एक प्रमाणपत्र, आणि पाणथळ जमीन बुजवणार नाही व धूप होणारी जमीन योजनेशिवाय नांगरणार नाही अशी एक हमी द्यावी लागते. ही शेवटची अट १९८५ च्या कायद्याने आली. कोसुथसारख्या भागात ती कागदोपत्री राहत नाही, कारण तिथे नवा निचरा-नळ घालण्यापूर्वी आधी कार्यालयात विचारणे शहाणपणाचे ठरते.

आता मुख्य रकमेकडे येऊ. २०१४ च्या शेती कायद्याने जुनी ठोक एकरी रक्कम बंद केली आणि तिच्या जागी दोन पर्याय आणले. पहिला किमतीशी बांधलेला आहे. कायद्यात प्रत्येक पिकाची एक संदर्भ किंमत लिहिलेली असते. देशातील सरासरी बाजारभाव हंगामभर तिच्या खाली राहिला तर फरक मिळतो. दुसरा काउंटीच्या उत्पन्नाशी बांधलेला आहे. मागील पाच वर्षांतील सर्वांत चांगले व सर्वांत वाईट वर्ष वगळून भाव आणि उतारा (एकरी उत्पादन) यांची सरासरी काढतात, त्यांचा गुणाकार हे काउंटीचे मापदंड उत्पन्न धरतात, आणि चालू वर्षीचे एकरी उत्पन्न त्याच्या ८६ टक्क्यांखाली गेले तर फरक देतात, तोही मापदंडाच्या दहा टक्क्यांपर्यंतच. जुलै २०२५ च्या कायद्याने ही हमी ९० टक्क्यांवर आणि कमाल मर्यादा १२ टक्क्यांवर नेली. मक्याची संदर्भ किंमतही बुशेलमागे ३.७० डॉलरवरून ४.१० आणि सोयाबीनची ८.४० वरून १० डॉलर केली. (मक्याचा बुशेल सुमारे २५.४ किलोचा, सोयाबीनचा २७.२ किलोचा.)

बाहेरून पाहणाऱ्याची पहिली चूक इथे होते. हा फरक यंदा पेरलेल्या एकरांवर मिळत नाही. तो ‘बेस एकर’ म्हणजे जुन्या पेऱ्यावरून ठरलेल्या एकरांवर मिळतो. २००२ च्या कायद्याने मालकांना १९९८ ते २००१ या वर्षांच्या पेऱ्यावरून ही नोंद सुधारून घेता आली, २०१४ मध्ये २००९ ते २०१२ च्या पेऱ्यावरून पिकांमधील वाटणी बदलता आली, आणि २०२५ च्या कायद्याने देशभरात ३ कोटी एकरांपर्यंत नव्या नोंदीची सोय केली. मधल्या काळात मात्र, एखाद्याने मक्याच्या बेसवर सलग सोयाबीन घेतले तरी त्याची रक्कम मक्याच्या भावावरूनच ठरत आली. यामागे हेतू होता : अनुदानासाठी पेरा वाढू नये आणि शेतकऱ्याने बाजार पाहून पीक निवडावे. हेतू रास्तच आहे. पण परिणाम असा की ज्याच्या जमिनीला बेस नाही, त्याने आज कितीही मका पिकवला तरी या खात्यातून त्याला काही मिळत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. किमतीशी बांधलेल्या पर्यायातील एका शेताला मक्याचा ४०० एकर बेस आहे आणि त्याचा नोंदलेला उतारा एकरी १६० बुशेल आहे. रक्कम बेसच्या ८५ टक्क्यांवर मिळते, म्हणजे ३४० एकरांवर. त्यांचे ५४,४०० बुशेल होतात. २०१९ च्या मक्याचा हंगामी सरासरी भाव ३.५६ डॉलर निघाला, संदर्भ किंमत ३.७० होती, म्हणजे फरक १४ सेंटचा आणि रक्कम ७,६१६ डॉलर. हेच शेत २०१६ मध्ये याच पर्यायात असते तर भाव ३.३६ असल्यामुळे फरक ३४ सेंटचा झाला असता आणि रक्कम १८,४९६ डॉलर. शेतकरी तोच, जमीन तीच, कष्ट तेवढेच. भावात २० सेंटांचा फरक पडताच रक्कम अडीचपटीच्या घरात गेली. काउंटीत असे हजारो एकर बेस एकाच पिकाचे असतात, म्हणून सगळ्यांची रक्कम एकदम वाढते आणि एकदम आटते. आकडा फुगण्याचे पहिले कारण हे.

२०१६ बाबत एक पुस्ती जोडायला हवी, कारण त्या वर्षी आयोवातील बहुतेक मका उत्पादक या पर्यायात नव्हतेच. २०१४ च्या कायद्याने पर्याय एकदाच, पुढील पाच वर्षांसाठी निवडायला लावला, आणि देशातील मक्याच्या ९० टक्क्यांहून अधिक बेसवर काउंटी-उत्पन्नाचा पर्याय घेतला गेला. त्या निवडीमागे साधे गणित होते : २०१० ते २०१३ चे चढे भाव मापदंडात बसले होते, म्हणून पहिली एक-दोन वर्षे चांगली रक्कम येणार हे दिसत होते. ती आलीही. पुढे चढे भाव पाच वर्षांच्या खिडकीतून बाहेर पडले, मापदंड घसरला आणि भाव पडलेले असतानाच मदत कमी झाली. आता निवड दरवर्षी, सहसा १५ मार्चपर्यंत, करता येते. २०२५ च्या पिकापुरते तर कायद्यानेच दोन्हींतील जास्त रक्कम द्यावी असे ठरवून शेतकऱ्याला निवडीच्या फेऱ्यातून सोडवले.

काउंटी-उत्पन्नाच्या पर्यायात आणखी एक खोच आहे आणि महाराष्ट्रातील वाचकाला ती लगेच कळेल. आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवरून सगळ्या मंडळाचे नुकसान ठरते आणि बांधापलीकडच्या मंडळाला वेगळा न्याय मिळतो. इथे काउंटीच्या सरासरी उताऱ्यावरून तेच होते. रस्त्याच्या अलीकडच्या शेताला एकरी ६० डॉलर आणि पलीकडच्या शेताला शून्य, असे घडू शकते. २०१४ आणि २०१५ च्या पिकांनंतर या तफावतीवरून खूप ओरड झाली. तेव्हा सरासरीसाठी कृषी खात्याच्या सांख्यिकी विभागाचे सर्वेक्षण प्रथम वापरत. २०१८ च्या कायद्याने पीकविम्याच्या नोंदींना पहिली पसंती दिली. तफावत कमी झाली असली तरी संपलेली नाही, आणि सरासरीवर चालणाऱ्या कोणत्याही योजनेत ती संपणारही नाही, असे माझे मत आहे.

दुसरी चूक वर्षाची. एका पिकाची रक्कम ठरण्यासाठी पूर्ण विक्री-हंगाम संपावा लागतो, म्हणून २०२३ च्या पिकाची रक्कम ऑक्टोबर २०२४ मध्ये खात्यावर येते. यादीत ती २०२४ ची म्हणून दिसते. एखाद्याने त्या वर्षीचा पाऊस किंवा भाव पाहून काउंटीच्या अनुदानाचे कारण शोधायला घेतले, तर तो चुकीच्या वर्षात शोधत असतो. एकाच वर्षाच्या बेरजेत शिवाय गेल्या पिकाची नियमित रक्कम, चालू वर्षाची खास मदत आणि दहा वर्षांपूर्वी केलेल्या संवर्धन-कराराचे भाडे एकत्र आलेले असते.

खास मदतीविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत फुगवट्याचे खरे कारण तीच आहे. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध सुरू झाले आणि सोयाबीनचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक तुटला. तेव्हा कृषी खात्याने काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, नवा कायदा न घेता १९३३ पासून चालत आलेल्या ‘कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन’ या सरकारी महामंडळाच्या उधारीच्या अधिकारातून पैसे वाटले. पहिल्या वर्षी सोयाबीनला प्रत्यक्ष पिकलेल्या बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला बुशेलमागे फक्त एक सेंट. मका उत्पादकांनी त्या एका सेंटावर जे विनोद केले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली : प्रत्येक काउंटीचा एकच दर, एकरी १५ ते १५० डॉलरच्या दरम्यान, आणि तो बेसवर नव्हे तर त्या वर्षीच्या पेऱ्यावर. वर उदाहरणात घेतलेल्या शेतकऱ्याचा एकूण पेरा ८०० एकर आणि काउंटीचा दर ६५ डॉलर धरला, तर एकट्या या मदतीचे ५२,००० डॉलर होतात. त्याच वर्षीच्या मक्याच्या नियमित योजनेच्या ७,६१६ डॉलरशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. दोन वर्षांत देशभर सुमारे २,३०० कोटी डॉलर असे वाटले गेले. त्यामागोमाग २०२० मध्ये कोविडच्या साथीची मदत आली. डिसेंबर २०२४ च्या कायद्याने पुन्हा १,००० कोटी डॉलर मंजूर झाले आणि मक्याला एकरी ४२.९१, सोयाबीनला २९.७६, तर कापसाला ८४.७४ डॉलर असा दर ठरला.

अशी मदत आता अपवाद राहिलेली नाही, आणि ती चुकीची सवय लावते असे मला वाटते. जमिनीचा खंड ठरवताना, ट्रॅक्टर घेताना, बँकेत कर्जमर्यादा मागताना ‘काहीतरी येईलच’ हे गृहीत धरले जाऊ लागले आहे. हिशेब लिहिणाऱ्याला ते आकड्यांत दिसते.

पीकविमा हा या सगळ्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा भाग आहे. शेतकरी खासगी कंपनीकडून पॉलिसी घेतो, पण दर आणि नियम सरकारचे असतात, आणि विमा हप्त्यातील सरासरी साठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा सरकार भरते. आयोवात बहुतेकांची पॉलिसी उत्पन्नाची असते. मक्यासाठी वायदेबाजारातील डिसेंबरच्या सौद्याचा फेब्रुवारीतील सरासरी भाव ही आधारकिंमत धरतात आणि त्याच सौद्याची ऑक्टोबरातील सरासरी ही सुगीची किंमत. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४.६६ आणि ४.१६ डॉलर होते. शेताचा स्वतःचा सरासरी उतारा १९० बुशेल आणि संरक्षण ८० टक्के असेल तर हमी एकरी ७०८ डॉलरची होते. प्रत्यक्ष १६० बुशेल निघाले तर सुगीच्या भावाने ६६५ डॉलर होतात आणि सुमारे ४३ डॉलर भरपाई मिळते. १९० बुशेल निघाले तर काही मिळत नाही. सुगीची किंमत वर गेली तर हमीही वर जाते : २०१२ च्या दुष्काळात आधारकिंमत ५.६८ होती आणि सुगीची ७.५० झाली, तेव्हा ज्यांचे पीक जळाले त्यांची भरपाई चढ्या भावाने झाली. आपल्या पीकविम्यात मंडळाची सरासरी असते. इथे बहुतांश पॉलिसींत त्या शेताचा स्वतःचा चार ते दहा वर्षांचा उतारा असतो. सगळ्या व्यवस्थेतील ही बाब मला घेण्यासारखी वाटते, पण तिच्यासाठी वर्षानुवर्षे वजनाच्या पावत्या आणि गोदामाचे मोजमाप सांभाळावे लागते.

काउंटीच्या यादीत हा विमा नीट दिसत नाही. थेट अनुदान घेणाऱ्यांची नावे व रकमा माहितीच्या अधिकाराखाली बाहेर येतात. विम्याच्या हप्त्यावरील अनुदान मात्र नावानिशी जाहीर होत नाही. त्यात कमाल मर्यादाही नाही. म्हणजे नावांच्या यादीत वरच्या क्रमांकावर दिसणारा माणूस खरोखर सर्वाधिक सरकारी पैसा घेणारा असेलच, असे नाही.

संवर्धन-भाड्याचा उल्लेख वर आला. १९८५ पासून सरकार धूपप्रवण किंवा पाण्याकाठची जमीन दहा ते पंधरा वर्षे पडीक ठेवण्यासाठी, तिच्यावर गवत वा झाडे राखण्यासाठी, दरवर्षी भाडे देते. २००७ मध्ये देशभर ३.६८ कोटी एकर अशा करारात होते. इथेनॉलसाठी मक्याचे भाव चढले तसे ते घटत गेले. हे भाडे मालकाला मिळते. यादीतील अनेक निवृत्त वृद्धांची, विधवांची आणि विश्वस्त निधींची नावे केवळ यामुळे आलेली असतात.

मग प्रत्येक शेतकऱ्याला मिळते का? नाही. भाजी, फळे, डुकरे यांना या नियमित योजनांत जवळजवळ स्थान नाही; कोसुथमध्ये डुकरांचा धंदा मोठा असूनही अनुदानाच्या बेरजेत तो फारसा उमटत नाही. ज्यांना मिळते त्यांच्यातही वाटणी एकरांच्या प्रमाणात, आणि म्हणूनच विषम असते. १९९५ पासूनच्या हिशेबांत पिकांशी निगडित रकमेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेलेला आहे. याला आवर घालण्यासाठी मर्यादा आहेत : नियमित योजनांत दर व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलर, २०२५ च्या कायद्यानंतर १,५५,०००, आणि ९ लाख डॉलरहून अधिक सरासरी उत्पन्न असणाऱ्याला काही नाही. पण मर्यादा ‘व्यक्ती’ला आहे. पती आणि पत्नी यांच्या दोन मर्यादा होतात. भागीदारी संस्थेत प्रत्येक पात्र भागीदाराची स्वतंत्र मर्यादा असते. २०१८ च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मावस भावंडे, पुतणे, भाच्या यांनाही घेतले. त्यामुळे यादीत एकाच आडनावाची पाच-सहा नावे दिसली तर ती पाच-सहा शेते आहेत असे समजू नये. उलटही खरे आहे : एक भागीदारी संस्था दिसली तर तिच्यामागे चार कुटुंबांचे पोट असू शकते. हे सर्व कायदेशीर आहे, आणि माझ्यासारख्यांच्या फीचा काही भाग त्यातूनच येतो, हेही सांगून टाकतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न मालक आणि कसणारा यांचा. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने वा अर्धेलीने कसली जाते, आणि जवळपास दोन-तृतीयांश जमीन पासष्टी ओलांडलेल्यांच्या मालकीची आहे. नियम असा की पिकातील जोखीम ज्याची, रक्कम त्याची. रोख खंड घेणाऱ्या मालकाला नियमित योजनेची रक्कम मिळत नाही. अर्धेलीने दिली असेल तर वाट्याप्रमाणे मिळते. कागदावर हे निर्दोष आहे. व्यवहारात काय होते ते खंडाच्या कराराच्या वेळी कळते. आयोवात शेतीचे करारवर्ष १ मार्चला सुरू होते आणि करार मोडायचा तर आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत नोटीस द्यावी लागते. म्हणून ऑगस्टमध्ये मालक, किंवा मालकाच्या वतीने जमीन सांभाळणारा व्यवस्थापक, खंडाचा आढावा घेतो. या शेताला किती बेस आहे, कोणता पर्याय निवडला, गेल्या वर्षी एकरी काय आले, हे सगळे त्याला माहीत असते, कारण त्या कागदांच्या प्रती त्याच्याकडेही असतात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या सर्वेक्षणात राज्याचा सरासरी रोख खंड २०२२ मध्ये एकरी २५६ डॉलर, २०२३ मध्ये २७९ आणि २०२४ मध्ये २७१ डॉलर होता. मक्याचा भाव २०२२ नंतर जोरात खाली आला, खंड मात्र जागच्या जागी राहिला. याचे सगळे श्रेय अनुदानाला देता येणार नाही. जमीन मिळवण्यासाठीची चुरस, व्याजदर, मागील वर्षांची शिल्लक हीही कारणे आहेत. अनुदानातील नेमका किती वाटा खंडात मुरतो यावर अर्थतज्ज्ञांचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. पण काही तरी मुरतो याबद्दल फारसे दुमत नाही, आणि एकरी दर आधीच जाहीर झालेली रक्कम सर्वांत लवकर मुरते, असे मी करारांमध्ये पाहत आलो आहे. तिच्याविषयी घासाघीस करायला कोणालाही अंदाज बांधावा लागत नाही.

म्हणूनच काउंटीच्या नावावर जमा झालेला पैसा काउंटीत राहिलेला असतोच असे नाही. मालक मिनियापोलिसला किंवा ॲरिझोनाला राहत असेल तर खंडाचा धनादेश तिकडे जातो. शिवाय काही याद्या लाभार्थ्याच्या पत्त्यावरून केलेल्या असतात आणि काही शेताची नोंद असलेल्या कार्यालयावरून; या दोन बेरजा जुळत नाहीत. आपण जी यादी वापरत आहात ती कोणत्या प्रकारची आहे, हे अभ्यासाच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

अनुदान जमिनीमागे जाते ही खोड आजची नाही. १९३३ चा पहिला कायदा आयोवाच्याच हेन्री वॉलेस यांच्या कृषिमंत्रिपदाच्या काळात झाला. तेव्हा भाव वर यावेत म्हणून पेरा कमी करण्यासाठी पैसे दिले गेले. उभा कापूस नांगरला गेला, साठ लाख डुकराची पिल्ले मारली गेली. दक्षिणेत पैसे जमीनमालकाच्या हाती पडले, आणि पेरा घटल्यावर वाटेकऱ्यांची गरज उरली नाही म्हणून अनेकांना घराबाहेर काढले गेले. १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यात काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना उभारली ती या पार्श्वभूमीवर. शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समित्या त्याच काळातल्या; आजही तीन ते अकरा सदस्यांची अशी समिती प्रत्येक काउंटी कार्यालयावर असते. आयोवात ती बऱ्यापैकी सरळ चालते असा माझा अनुभव आहे. दक्षिणेतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा अनुभव वेगळा होता, आणि त्यांच्या दाव्यात १९९९ मध्ये सरकारला तडजोड करावी लागली.

आता महाराष्ट्राविषयी. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये पात्र खातेदार कुटुंबाला मिळतात. दोन एकर असोत वा वीस, रक्कम तीच. कोसुथच्या पद्धतीशी तुलना केली तर हे अधिक समान आहे, आणि रक्कम लहान असली तरी ती एकरी नसल्यामुळे खंडात सहज मुरत नाही. एकरी पद्धत शेजारी तेलंगणात २०१८ पासून रयतु बंधू या नावाने राबवली गेली : आधी हंगामाला एकरी ४,००० रुपये, नंतर ५,०००. कमाल एकरांची मर्यादा नव्हती आणि पैसे पट्टेदाराला, म्हणजे नोंदीतील मालकाला मिळत, खंडाने कसणाऱ्याला नाही. अमेरिकेत निदान जोखीम ज्याची त्याची रक्कम असा नियम तरी आहे आणि तो मोडला तर चौकशी होते. तिथे तोही नव्हता.

महाराष्ट्रात एकरी रक्कम द्यायची झाली तर अडचण पैशांआधी नोंदीची आहे. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्यामुळे आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाच्या (त्या दिवशी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली) आठवणीमुळे कूळ लागेल या भीतीने मालक लेखी करार करत नाहीत. विदर्भात कायदा वेगळा, १९५८ चा, पण भीती तीच. खंड तोंडी ठरतो आणि कसणारा कागदावर नसतोच. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः पेरा नोंदवायचा ही तिची कल्पना १५ जुलैच्या इथल्या पेरा-नोंदीशी मिळतीजुळती आहे, पण ती नोंदही खातेदाराच्या नावाने होते. तिच्यात कसणाऱ्याचे नाव आणि पिकातील वाटा लिहिण्याची सोय होत नाही, आणि त्या नोंदीमुळे कुळाचा हक्क लागणार नाही असे कायद्याने स्पष्ट केले जात नाही, तोपर्यंत एकरी अनुदान आणू नये असे मी म्हणेन. आपल्या अभ्यासासाठी मात्र एक काम आजही करता येईल : एका गावातील पाच-दहा खंडकऱ्यांना विचारून गेल्या तीन हंगामांचा खंड लिहून घ्यावा, आणि त्यातील कोणत्या वर्षी कोणती सरकारी रक्कम कोणाच्या खात्यावर आली हे त्याशेजारी मांडावे. कोसुथमध्ये असे काम करायला निम्मी माहिती कार्यालयातूनच मिळते. आपल्याकडे ती माणसांकडूनच घ्यावी लागेल.